मुंबईचा पाऊस आणि आपली पेरणी

"साहेब, मुंबईत लागला म्हणे. आता टाकावं का?" मृग निघाला की शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापाशी बाजाराला आलेला कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतोच. हातात भाजीची पिशवी आणि डोळे आभाळाकडे. ही घाईच दुबार पेरणीचं मूळ आहे.

शेतकरी बंधूंनो, मुंबईचा पाऊस वेगळा, आपला वेगळा. समुद्रावरून येणारे नैऋत्य वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावरच टाकून मोकळे होतात. डोंगर उतरून आपल्याकडे येईस्तोवर ते कोरडे पडलेले असतात. आपण पर्जन्यछायेत आहोत तो असा. 26 जुलै 2005 रोजी मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. छत्रपती संभाजीनगरची वर्षाची सरासरी सुमारे 700 मिलिमीटर. त्यांचा एक दिवस आपल्या अख्ख्या वर्षाला भारी!

आपल्याकडे जोरदार पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतो. तो येईपर्यंत एखादी सर पडते, अन् मग पंधरा-वीस दिवस खडखडीत उघडीप. 1972 चा दुष्काळ जुन्या मंडळींना आठवतो. 2012 साली पाऊस रुसला, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तर सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. असं हे आपलं हवामान.

मागे माझ्याच कामाच्या एका गावात एकाने पहिल्या सरीवर चार एकर सोयाबीन टाकलं. जमीन वरून ओली, वीतभर खाली धूळ. कोंब फुटले आणि उन्हाने करपून गेले. एकरी तीस किलोप्रमाणे एकशेवीस किलो बियाणं मातीत गेलं. दुसऱ्या बियाण्यासाठी त्याने दावणीची गाय विकली. मी दोन दिवस आधी त्या गावात गेलो असतो तर, ही रुखरुख अजून जात नाही.

म्हणून सांगणं एवढंच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये. पेरणीआधी ओल किती खोल गेली ते खणून पाहावं. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. सत्तर तरी उगवले पाहिजेत. बी तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये.

शहागंजात पडला म्हणजे तुमच्या शिवारात पडलाच असं नाही. बुडापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा डबा झाडा-भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला, तर गावाला पेरणीचा अंदाज येईल. सरकारी कामाला मंडळाच्या पर्जन्यमापकाचीच नोंद चालते, हे मात्र ध्यानात असावं.

पुढच्या मृगात कुणी "मुंबईत लागला का?" असं विचारलं, तर त्याला उलट विचारा, "तुझ्या डब्यात किती पडला?"