जयपूरचा बाजार कसा वाचावा?

जुन्या शहरातील बाजारात आपण बहुधा खरेदीसाठी जातो. पण बाजाराची रचना हेही इतिहासाचे एक साधन असते. या पाठात जयपूरच्या परकोटातील, म्हणजे तटबंदीच्या आतील, बाजाराच्या आधारे ते कसे वापरायचे हे पाहू.

१. आखलेला बाजार

बहुतेक जुने बाजार हळूहळू वाढत गेले. इस्तंबूलचा प्रसिद्ध झाकलेला बाजार घ्या. उस्मानी सुलतान दुसरा मेहमद याने १४५३ मध्ये ते शहर जिंकले आणि थोड्याच वर्षांत बाजाराची मूळ इमारत उभारली. दुकानांच्या भाड्यातून आयासोफ्या मशिदीचा खर्च चाले. पुढे त्या इमारतीभोवती गल्ल्या वाढल्या आणि त्यांवर छत आले.

जयपूरमध्ये क्रम वेगळा होता. सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये आमेरजवळच्या सपाट जागेवर नवी राजधानी वसवली. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. शहराच्या नऊ चौकड्या पाडल्या आणि चौकड्यांमधील मुख्य रस्त्यांनाच बाजाराचे रूप दिले. हे रस्ते सुमारे ३३ मीटर रुंद आहेत. व्यापाऱ्यांना बाहेरून बोलावून येथे वसवण्यात आले. म्हणजे येथे बाजार हा राजधानीच्या आराखड्याचाच भाग होता.

२. नकाशा पायांनी समजून घ्या

सांगानेरी दरवाजातून आत शिरा. समोर जोहरी बाजार लागेल. तो संपतो तेथे बडी चौपड येते. पुढे त्याच रेषेत हवामहल दिसतो. तो १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंह यांनी बांधला. चौपडीवरून डावीकडे वळलात की त्रिपोलिया बाजार लागतो आणि तो छोट्या चौपडीला जाऊन मिळतो. दोन मुख्य रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथील मोकळा चौक म्हणजे चौपड.

आता आतल्या गल्ल्या पाहा. त्यांना ‘रस्ता’ म्हणतात आणि अनेकांची नावे पेशावरून पडली आहेत. मणिहारों का रास्ता येथे लाखेच्या बांगड्या होतात. ठठेरों का रास्ता हे नाव तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचे आहे. मुख्य रस्त्यावर विक्री आणि मागच्या गल्लीत कारागिराचे घर व काम, अशी ही जोडणी आहे.

३. वेशींचा दुसरा अर्थ

तटबंदी आणि दरवाजे बाजाराचे रक्षण करतात. पण तेच लोकांना कोंडूही शकतात. डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहांनी आत्महत्या केली. त्यामागे मराठ्यांच्या खंडणीचा तगादा होता. त्यानंतर होळकर व शिंदे यांच्या फौजा शहराबाहेर उतरल्या होत्या. जानेवारी १७५१ मध्ये छावणीतील अनेक मराठे नवे शहर पाहायला आणि खरेदीला आत गेले असता दंगल उसळली. दरवाजे बंद झाले आणि हजारो मराठे मारले गेले. खंडणीचा राग बाजारात आलेल्या माणसांवर निघाला. म्हणून बाजाराचा अभ्यास करताना व्यापाराबरोबर सत्तेचे संबंधही पाहावे लागतात.

४. दर्शनी भाग आणि मागची गल्ली

१८७६ मध्ये, सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, ब्रिटिश युवराजाच्या भेटीसाठी शहर गुलाबी रंगवले गेले. म्हणजे ‘गुलाबी शहर’ ही ओळख शहर वसल्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी मिळाली. २०१९ मध्ये युनेस्कोने परकोटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. भिंतीचा रंग आणि कमानींची ठेवण नियमाने राखता येते. पण मागच्या गल्लीतील कारागीर नियमाने टिकत नाही. त्याला परवडणारी जागा, कच्चा माल आणि गिऱ्हाईक लागते. तो गेला, तर गल्लीचे नाव राहील आणि त्यामागचे काम संपेल. दर्शनी भाग जपला म्हणजे बाजार जपला, असे मानता येत नाही.

स्वाध्याय

१. इस्तंबूल व जयपूर येथील बाजारांच्या वाढीतील मुख्य फरक सांगा.
२. आपल्या गावातील एखाद्या जुन्या पेठेचा किंवा आळीचा कच्चा नकाशा काढा. तिचे नाव ज्या पेशावरून पडले, तो पेशा तेथे आज किती घरांत चालतो, याची नोंद करा.
३. वारसा जतन करताना इमारत आणि व्यवसाय यांपैकी कशाला अग्रक्रम द्यावा? सकारण लिहा.