परळीत तांबं होतं, पाणी नव्हतं

चार चुंबकं, तांब्याची तार आणि जुनी मोटार, एवढ्यात घरची वीज तयार: असे व्हिडिओ चाकूरच्या बाजारातही मोबाइलवर फिरतात. रात्री-अपरात्री उठून पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला ते खरे वाटावेत यात नवल नाही. पण त्यात पैसे घालण्याआधी शेजारच्या परळीकडे बघा.

परळीच्या औष्णिक केंद्रात 250 मेगावॅटचे संच आहेत. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावं लागलं. जनित्रं जागेवर होती, त्यातली तांब्याची वेटोळीही शाबूत होती. नव्हतं ते वाफ करायला आणि त्याहून कितीतरी जास्त लागणारं, ती वाफ परत गार करायचं पाणी. वाफ नाही म्हणून टर्बाइन नाही, आणि टर्बाइन नाही म्हणून वीज नाही.

चुंबकात वीज साठलेली नसते. 1831 मध्ये मायकेल फॅरडेने वेटोळ्यात चुंबक सरकवलं तेव्हा त्याला जोडलेल्या वीजमापकाचा काटा हलला. चुंबक आत तसंच धरून ठेवलं तेव्हा काटा शून्यावर आला. वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असतं, तेवढाच वेळ तारेत वीज निर्माण होते.

मग चुंबक फिरवतच ठेवलं तर? इथेच खरी मेख आहे. तारेतून प्रवाह वाहू लागला की तार स्वतःच चुंबकासारखी वागते आणि फिरणाऱ्याला अडवते. सायकलचा डायनामो चाकाला घासतो म्हणून पायडल जड जातं, असं आपण समजतो. घासणं असतंच, पण दिव्याची वायर सोडून चाक फिरवा, ते हलकं लागेल. लग्नाच्या मांडवात सगळे दिवे एकदम लागले की जनरेटरचा आवाज दबतो आणि इंजिन जास्त डिझेल ओढतं. दिव्यांत जेवढी वीज जळते, तिच्याहून थोडी जास्तच मेहनत इंजिनाला करावी लागते. मोटार जनरेटर फिरवते आणि जनरेटर त्याच मोटारीला वीज देतो, हे चक्र म्हणूनच चालत नाही. दर फेऱ्याला काही ऊर्जा उष्णतेत जाते. व्हिडिओत ते चालताना दिसलं तर बॅटरी किंवा वायर कुठेतरी दडवलेली असणारच.

आणखी एक जुना समज: वीज काढून घेतलेल्या पाण्यात कस राहत नाही. पैठणला जायकवाडीवर 12 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. तिथे पाणी आपला दाब आणि वेग टर्बाइनला देतं. त्यातले क्षार तसेच राहतात, पिकाला ते पाणी तितकंच चालतं.

चुंबक तरी कायमचं लागतंच असं कुठे आहे? मोटार भरणाऱ्याच्या दुकानात उघडलेली विहिरीवरची मोटार पाहा. आत एकही कायमचं चुंबक सापडणार नाही, वेटोळ्यातला प्रवाहच ते काम करतो. परळीच्या जनित्रातही फिरणाऱ्या वेटोळ्याला वीज देऊनच त्याचं चुंबक करतात. ते मिनिटाला 3000 फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला 50. आपल्या घरातल्या विजेची 50 हर्ट्झ वारंवारता ती हीच.