किल्ल्यांच्या खालचा किनारा

मनोरच्या पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत अशेरीगड उभा आहे. पालघर जिल्ह्याच्या वारशाचा विषय निघाला की बोलणं या गडाशी, तारापूरच्या कोटाशी किंवा केळवे-माहीमच्या बुरुजांशी येऊन थांबतं. त्यात नवल नाही. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली तारापूर मराठ्यांकडे आलं, ही आठवण ताजी आहे आणि दगड डोळ्यांसमोर आहेत. पण पोर्तुगीज आणि मराठे हा या किनाऱ्याचा अगदी वरचा थर. त्याखालचा थर जुना आहे, अधिक दुर्मीळ आहे, आणि तो दगडात कमी, जमिनीत जास्त आहे. म्हणून इथे मोठी खोदाई होण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी झाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

या थराचा सर्वांत बोलका साक्षीदार तारापूरशेजारच्या चिंचणीत १९५५ साली मिळालेले ताम्रपट. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. त्यात संजाणचा कारभार पाहणारा अधिकारी मधुमती हा ताजिक, म्हणजे पश्चिम आशियाई मुसलमान घराण्यातला आहे. मोहम्मद या नावाचं संस्कृतात मधुमती झालं. परिसरातली बंदरं त्याने राष्ट्रकूटांसाठी ताब्यात आणली, नदी ओलांडायला फुकट होडी ठेवली, अन्नछत्र काढलं आणि संजाणमधल्या देवीच्या मठिकेला जमीन मिळवून दिली. त्या छत्रातल्या भात-तुपाचाही उल्लेख लेखात आहे. राजशासनात पंगतीचा बेत वाचायला मिळणं तसं विरळाच! हा पट वाचला गेला नसता तर दहाव्या शतकातल्या या व्यवस्थेचा कुठल्याही बुरुजावरून अंदाज आला नसता. संजाण आज गुजरातेत, मग आपला संबंध काय, असं कोणी विचारेल. ती सीमा १९६० सालची आहे. ताम्रपट चिंचणीत निघाले, आणि व्यापार व कारभार सबंध किनाऱ्याचा होता.

त्याच्याही मागे जाता येतं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत कोरवलेल्या लेखात डहाणूच्या नदीवर फुकट होड्या ठेवल्याची नोंद आहे. दक्षिणेला सोपारा. लाल समुद्रमार्गे भूमध्य सागराकडे चालणाऱ्या व्यापाराची माहिती देणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचं नाव येतं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरेपर्यंत तिथला स्तूप म्हणजे नुसतं मातीचं टेकाड होतं. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं. तेव्हा ‘मनोर-बोईसर पट्ट्यात वर काही दिसत नाही, म्हणजे खाली काही नसणार’ हा युक्तिवाद टिकत नाही. वैतरणेत भरतीचं पाणी मनोरच्या परिसरापर्यंत चढतं. समुद्रातून आलेला माल जिथे होडीतून उतरून बैलाच्या पाठीवर जाई, अशा जागा शोधायच्या तर खाडीच्या काठांवरच शोधाव्या लागतील.

खरा आक्षेप वेळेचा आहे. याच किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. खापरं वेचण्यासाठी हजारो कोटींचं काम अडवायचं का? शिवाय बंदर तर समुद्रात भराव घालून होणार. पण त्याला जोडणारा रस्ता आणि लोहमार्ग जमिनीवरूनच जाणार आहेत. वेळेचं उत्तर इस्तंबूलमध्ये मिळतं. येनिकापी इथे रेल्वे स्थानकासाठी २००४ मध्ये खोदाई सुरू झाली, तेव्हा बुजलेलं बायझंटाइन बंदर आणि सदतीस जहाजांचे अवशेष सापडले. काम काही वर्षं लांबलं हे खरं, पण २०१३ मध्ये त्याच मार्गाच्या बोगद्यातून गाडी धावली. पाहणी आधीच नीट झाली असती तर तेवढाही उशीर टळला असता. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांवरची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्यानुसार बंधनकारक आहे. पश्चिम आशियातून आलेल्या झिलईदार भांड्याच्या फुटक्या तुकड्याला मात्र बाजारात किंमत नाही. त्यामुळे तो मुरुमाबरोबर डंपरमध्ये जातो, आणि बंदराचा काळ ठरवायला नेमका तोच लागतो. तो ओळखणारा माणूस पोकलेन येण्यापूर्वी, पावसाळा सोडून, रस्त्याच्या आखणीवरून आणि खाडीच्या काठाने फिरायला हवा.