हाताचा कंप आणि झोपेचे औषध

आजचे टिपण टंकलिखित करून आणले आहे, याबद्दल क्षमस्व. ज्या शाळेत अक्षर घोटले, तेथे स्वहस्ताक्षरातील कागद आणावा अशी इच्छा होती. परंतु गेली सहा वर्षे लेखणी कागदाला टेकताच माझा उजवा हात थरथरू लागतो. आईच्या हातूनही वरण वाढताना सांडत असे. तोच वारसा माझ्याकडे आला.

अशा प्रत्येक थरथरीला आपण ‘कंपवात’ म्हणून मोकळे होतो. भाषेच्या अध्यापकाला ही ढिलाई बोचते, कारण तिने मला दोन महिने पार्किन्सनच्या धास्तीत ठेवले. पार्किन्सनचा कंप मुख्यतः हात स्वस्थ असताना दिसतो. माझा, काही करू जाताच उफाळतो. वैद्यकात त्यास ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो.

त्यावरील एक औषध झोपेच्या औषधांच्या कुळातले आहे. बार्बिच्युरिक आम्ल अडॉल्फ फोन बायर यांनी १८६४ मध्ये सिद्ध केले. १९०३ मध्ये एमिल फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी त्या कुळातील पहिले निद्राकारक, व्हेरोनल, पुढे आणले. १९१२ मध्ये फेनोबार्बिटल आले आणि ते अपस्माराचे झटकेही आवरते, हे आल्फ्रेड हाउप्टमान यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. प्रिमिडोन हा त्याचा जवळचा आप्त. रचनेत एक ऑक्सिजन कमी, म्हणून काटेकोरपणे तो बार्बिच्युरेट नव्हे. पण शरीरात त्याच्या काही अंशाचे फेनोबार्बिटलच होते.

अपस्मार आणि कौटुंबिक कंप दोन्ही असलेल्या एका रुग्णाचा कंप प्रिमिडोनने उतरला, हे ब्रिटनमधील चिकित्सकांच्या ध्यानी आले. त्यांनी ते इतर कंपग्रस्तांना देऊन पाहिले आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांना गुण आला, काहींना ते सोसले नाही. पुढे तौलनिक चाचणीत ते फेनोबार्बिटलहून सरस ठरले. तेव्हा केवळ गुंगीमुळे हात स्थिरावतो, असे म्हणता येत नाही. बार्बिच्युरेटे मेंदूतील ‘गाबा’ या शामक द्रव्याचा परिणाम लांबवतात, हे ज्ञात आहे. कंप नेमका कशाने शमतो, याचा उलगडा मात्र अद्याप झालेला नाही.

पहिल्या रात्री मी पाव गोळी घेतली आणि सकाळी भिंत धरून चाललो. घेरी, मळमळ, सारे काही. पहिल्या मात्रेला असे पुष्कळांचे होते, म्हणूनच आरंभ अल्प मात्रेने आणि रात्री करतात; आणि ते एकाएकी सोडायचेही नसते. मी चिकाटी धरली.

परवा तपासणीत नेहमीप्रमाणे शंखाकृती रेघ काढायला लावली. ती अजून दातेरीच येते. चहा मात्र बशीत सांडत नाही, आणि या टिपणाच्या माथ्यावरचा ‘श्री’ मी हाताने लिहिला आहे.