सुकतीची वाट

भिवंडीतल्या निजामपुऱ्याहून अलिबागला सहलीला जाणारी मंडळी बहुधा पहाटेच निघतात. ठाणे, पनवेल, पेण, वडखळ हा रस्ता गाड्यांची गर्दी व्हायच्या आत उरकलेला बरा. पण कुलाबा किल्ल्यात पायी जायचं असेल, तर नुसतं लवकर निघून भागत नाही. आदल्या दिवशी पंचांग उघडून तिथी पाहावी लागते.

किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रातल्या खडकावर उभा आहे. भरतीला त्याचं बेट होतं. सुकती लागली की मधली वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसं चालत महादरवाज्यापर्यंत पोचतात. ही वाट दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा बुडते. कधी उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार, हे रोज बदलतं.

त्याचा हिशेब कोकणात पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पाणी तळाला जातं आणि पुन्हा चढू लागतं.

हा आडाखा चंद्राच्या चालीवर बेतलेला आहे. एका पंधरवड्यात भरतीची वेळ सुमारे बारा तास पुढे सरकते. पंधरा तिथींत ते बारा तास वाटले, तर एका तिथीला ४८ मिनिटं येतात. तोंडी हिशेबाला सोपं जावं म्हणून पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं धरली जातात. तीन-तीन मिनिटांची ही तूट साचत जाऊन पौर्णिमेला पाऊण तासाची होते. म्हणून हिशेबाने सव्वाअकरा येतात तिथे प्रत्यक्ष भरती बाराच्या सुमारास असते. पंधरवड्याच्या शेवटी तेवढा वेळ वर धरला की उत्तर जुळतं.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती ओसरतं याला आहे. अमावास्या, पौर्णिमा आणि त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. पाणी उंच चढतं आणि तितकंच खोल उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. त्या दिवसांत या दोन ओढी एकमेकींशी काटकोनात असतात, त्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अष्टमीची सुकती भर दुपारी येते, म्हणजे वेळ सोयीची वाटते. पण पाणी पुरतं हटत नसल्याने वाट नीट कोरडी होईलच असं नाही. अमावास्येला पाणी भरपूर उतरतं, पण तळ गाठतं सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. पायी जाणाऱ्याला तृतीया ते पंचमी हे दिवस चांगले. उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो आणि सुकती सकाळच्या वेळी येते. चतुर्थीला पाणी नऊच्या सुमारास तळाला असतं. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि संकष्टी असो वा विनायकी, चतुर्थीची सकाळ दर्शनाला पायी जाण्यासाठी अशी मोकळी मिळते.

पाणी ओसरू लागलं की किनाऱ्यावर पहिली हालचाल घोडागाडीवाल्यांची. पायी जाणारे अजून थांबलेले असतात, तेव्हाच गाड्या पाण्यात उतरतात. चाकं अर्धी बुडालेली, घोड्याच्या गुडघ्यांवर लाटा फुटत असतात आणि गाडीवान पुढच्या पाण्याकडे पाहत लगाम सैल-घट्ट करतो. वाळू कुठे बसकी आहे आणि खडक कुठे वर आला आहे, हे पाण्याखाली दिसत नाही. ते रोजच्या येण्याजाण्याने ठाऊक होतं. एखादा घोडा मध्येच थबकला, तर गाडीवान त्याला दामटत नाही. किंचित बाजूला वळवतो आणि मग पुढे घेतो. पाणी आणखी उतरलं की गाड्यांच्या मागोमाग माणसांची रांग लागते.

या वाटेवर पायातलं काढू नये. ओल्या खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा धारदार असतात आणि शेवाळावरून पाय सटकतो. मागचा पट्टा असलेल्या सँडल सर्वांत बऱ्या. खडकांमधल्या डबक्यांत अडकलेले छोटे मासे आणि खेकडे पाहायला मुलं थांबतातच. त्यांना थांबू द्यावं, फक्त तो वेळ हिशेबात धरावा.

किल्ल्यापाशी आल्यावर आधी तटाची भिंत जवळून पाहावी. काळ्या दगडाचे मोठाले चिरे चुना न भरता एकावर एक रचले आहेत. आदळणाऱ्या लाटेचं पाणी या फटींमध्ये शिरतं आणि तिथेच त्याचा मारा विखुरतो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या खडकावर किल्ला बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ मात्र भिवंडीकरांच्या दाराशी झाला होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तिथल्या खाडीत महाराजांनी जहाजं बांधायला घेतली. निजामपुऱ्यातून आलेला माणूस कुलाब्याच्या तटावर चढतो तेव्हा त्या आरमाराचं पुढचं ठाणं पाहत असतो.

१७१३ मध्ये कुलाबा कान्होजी आंग्र्यांकडे आला आणि हे ठाणं त्यांच्या सत्तेचं केंद्र झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले. कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशवे आले आणि ती मोहीम फसली. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना वेढ्यात तग धरायला हीच कामी येणार. सिद्धिविनायकाचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. उत्तरेकडे गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफा दिसतात. त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ओतशाळेच्या, १८४९ च्या. म्हणजे आंग्र्यांचं राज्य सरल्यानंतरच्या. त्याच बाजूला सर्जेकोटाचा छोटा किल्ला आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर थळसमोरचे खांदेरी-उंदेरीही नजरेत येतात.

इथे माणसं रमतात आणि पाण्याकडे पाठ होते. खरा धोका हाच. सुकतीच्या तळानंतर पहिला तासभर पाणी सावकाश चढतं, त्यामुळे अजून पुष्कळ वेळ आहे असं वाटतं. त्यानंतर चढण्याचा वेग वाढतो, आणि भरतीच्या मधल्या दोन तासांत तो सर्वाधिक असतो. वाटेतला खोलगट भाग आधी भरतो, म्हणून किनाऱ्याजवळ वाळू कोरडी दिसत असली तरी मध्ये कमरेएवढं पाणी झालेलं असू शकतं. पाणी तळाला जायच्या तासभर आधी निघावं आणि तळानंतर तासाभरात परतीला लागावं. उशीर झालाच तर पाण्यात उतरू नये. घोडागाडी किंवा होडी मिळेपर्यंत तटाआडच थांबावं. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रापुढे तिथीचा हिशेब चालत नाही. तेव्हा ही वाट धरूच नये.

परतल्यावर उरलेल्या दिवसाला गावही पुरतं. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेतच आहे. किनाऱ्यापासून जवळच १९०४ पासूनची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे तिथल्याच कुलाबा भागातल्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून हे काम इथे आणलं गेलं. पायांत बळ उरलं असेल तर कनकेश्वराच्या डोंगरावरची झाडीतली पायऱ्यांची चढण आहे.

भिवंडी आणि ठाणे परिसरातल्या शाळांच्या सहली अलिबागला येतात. सहलीची तारीख बहुधा सुट्टी आणि बस पाहून ठरते. ती तिथी पाहून ठरवावी, आणि पाऊणपटीचा हिशेब आदल्या आठवड्यात वर्गातल्या मुलांकडूनच करून घ्यावा. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी आपलं उत्तर ताडून पाहिलेली मुलं किनाऱ्यावर उतरतील, तेव्हा पाणी कुठवर गेलं आहे हे ती स्वतःहून पाहतील, आणि परत फिरायची वेळ झाली हे शिक्षकांना त्यांच्यातलंच कुणीतरी सांगेल.