मीटरला किती वाजले ते कळतं का?

ब्रिटनमधल्या मध्यम वापराच्या घराला वर्षाला २७०० युनिट वीज लागते, असं धरून तिथली नियामक संस्था ऑफजेम दरांचा हिशेब मांडत आली आहे. म्हणजे दिवसाला सात-साडेसात युनिट. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, दिवे आणि इंग्रजांची ती सदा तापलेली किटली, सगळं त्यात आलं. आता त्याच घराच्या भिंतीवर इलेक्ट्रिक गाडीचा नेहमीचा चार्जर बसवा. २३० व्होल्ट, ३२ अँपिअर. गुणाकार केला की तासाला ७.४ युनिट निघतात. घर दिवसभरात जेवढी वीज खातं, तेवढी गाडी एका तासात खाऊन मोकळी होते!

असा खादाड पाहुणा घरात आला की दराचा विचार करावाच लागतो. म्हणून तिथल्या वीज कंपन्यांनी गाडीवाल्यांसाठी खास दर काढले. ऑक्टोपस एनर्जीचा ‘गो’ हा त्यातला गाजलेला. रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच वीज अगदी स्वस्त, उरलेला दिवस महाग. त्या पाच तासांत ३७ युनिट भरून घेता येतात आणि तेवढ्यात गाडी दोनशे किलोमीटर सहज जाते. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की मोबाइलचा प्लॅन बदलावा तसं फोन करून ‘मला तो दर द्या’ म्हणावं आणि काम व्हावं.

ते होत नाही. रेडिंगला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची गाडी दारात उभी राहिली तरी दर काही बदलेना. कंपनीचं पहिलं उत्तर आलं, तुमचं मीटर या दराला चालणार नाही. मग मीटर चालेल, पण ते आमच्याशी बोलत नाही. मग बोलतं आहे, पण तुमची संमती नोंदलेली नाही. तो वैतागला, आणि मी मात्र त्याच्या फोनची वाट बघायला लागलो. कारण प्रत्येक नकाराच्या मागे विजेच्या जगातली एकेक अफलातून गोष्ट दडलेली निघत होती. वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या या अडचणींचं मूळ एकच आहे: मीटरला किती वाजले ते कळतं का?

जुन्या चकतीच्या मीटरला ते कळत नाही. चकती फिरते, आकडे पुढे सरकतात, बस. आपल्याकडे दुधाचा रतीब कॅलेंडरवर खुणा करून ठेवतात, त्यावरून कोणत्या दिवशी किती दूध आलं ते कळतं. चकतीचं मीटर फक्त महिन्याची बेरीज सांगतं, खुणा ठेवतच नाही. मध्यरात्री जळालेलं युनिट आणि संध्याकाळी सातला जळालेलं युनिट त्याच्या लेखी सारखंच.

पण वीज बाजाराच्या लेखी ती दोन युनिटं सारखी नसतात. ब्रिटनच्या घाऊक बाजारात दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ तुकडे पाडलेले आहेत. कोणत्या कंपनीच्या ग्राहकांनी कोणत्या तुकड्यात किती वीज वापरली, याचा ताळेबंद एलेक्सॉन नावाची संस्था ठेवते. मग कोट्यवधी घरांत वेळ न कळणारी मीटर असताना हा ताळेबंद इतकी वर्षं लागत कसा होता? सरासरीने! नमुन्यादाखल काही घरांचा वापर मोजायचा, त्यावरून ‘टिपिकल’ घराचा दिवसभराचा आलेख काढायचा आणि तुमची एकूण युनिटं त्या आलेखाच्या साच्यात ओतायची. तुम्ही पहाटे तीनला गाडी चार्ज केली असेल, पण कागदोपत्री त्यातली बरीचशी वीज तुम्ही संध्याकाळी सहाला टीव्हीसमोर बसून वापरलेली असते. हे मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ नुसता हसत होतो. एका प्रगत देशाचा वीज बाजार अशा सभ्य काल्पनिक कथेवर बिनबोभाट चालत आला. प्रत्येक घराचा खरा अर्ध्या तासाचा वापर धरायचं स्थलांतर तिथे २०२५ मध्ये सुरू झालं.

स्वस्त रात्रीची कल्पना मात्र नवी नाही. ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा रात्रीच्या सात तासांचा दर ब्रिटनने १९७८ मध्ये आणला. कोळशाची आणि अणुविजेची केंद्रं रात्री झटकन बंद करून सकाळी झटकन चालू करता येत नाहीत. ती चालूच राहणार आणि लोक झोपलेले, मग वीज स्वस्तात द्यायची. लोक ती विटा भरलेल्या हीटरमध्ये उष्णतेच्या रूपात साठवत आणि दिवसभर ती ऊब पुरवून पुरवून वापरत. या मीटरमध्ये दोन आकडे असतात, एक दिवसाचा, एक रात्रीचा. पण आता रात्र झाली, हे मीटरला सांगणार कोण? काही घरांत साधं घड्याळ बसवलं. बाकीच्या लाखो घरांसाठी जी युक्ती लढवली, तिला तोड नाही.

बीबीसी रेडिओ फोर ही वाहिनी लाँग वेव्हवर लागायची, १९८ किलोहर्ट्झला. लहरीची लांबी जवळजवळ दीड किलोमीटर. वुस्टरशायरमधल्या ड्रॉइटविचच्या मनोऱ्यावरून आणि स्कॉटलंडमधल्या दोन केंद्रांवरून ती देशभर पसरायची. या प्रक्षेपणात आवाज असतो लहरीच्या उंचीत. उंची कमीजास्त होते तसा रेडिओ बोलतो. अभियंत्यांनी उंचीला हातच लावला नाही. त्यांनी लहरीचा ताल, म्हणजे तिची फेज, कणभर मागेपुढे करायला सुरुवात केली आणि त्या हेलकाव्यांत सेकंदाला २५ बिट या गोगलगायीच्या वेगाने आदेश पेरले: अमुक गटातले हीटर चालू, तमुक गटातले बंद. घरातल्या रेडिओला फेज ऐकूच येत नाही. मीटरशेजारच्या पेटीला फक्त तीच ऐकू येते.

क्रिकेटवेड्या मराठी वाचकांनी इथे जरा थांबावं. बीबीसीचं कसोटी समालोचन अनेक वर्षं याच लाँग वेव्हवर व्हायचं. जुलै २००२ मध्ये अजित आगरकरने लॉर्ड्सवर नाबाद १०९ केल्या (सामना आपण हरलो, तो भाग सोडा), तेव्हा त्या खेळीचं वर्णन ज्या लहरीवर स्वार होऊन चाललं होतं, तीच लहर त्याच वेळी इंग्लंड-स्कॉटलंडातल्या मीटरांना हुकूम सोडत होती. ऐकणाऱ्याला पत्ता नाही, मीटरला आगरकरशी देणंघेणं नाही. पुढे ड्रॉइटविचचं प्रक्षेपण ज्या भल्यामोठ्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचं ते बनेनासे झाले, स्मार्ट मीटर आली, आणि ३० जून २०२५ पासून ही रेडिओसेवा टप्प्याटप्प्याने गुंडाळायला घेतली.

गाडीचा दर मागणाऱ्याच्या घरात असलं दोन आकड्यांचं मीटर असलं की काम अडलंच. हीटरची तार वेगळी, दिव्यांची वेगळी, वर रेडिओची पेटी. हे काढून स्मार्ट मीटर बसवताना नुसतं मीटर बदलून भागत नाही, जोडणीही नव्याने करावी लागते. त्यासाठी त्या प्रकारचं काम येणारा माणूस लागतो आणि त्याची तारीख लागते.

बरं, स्मार्ट मीटर आहे, तरी नकार का? स्मार्ट मीटरमध्येही पिढ्या आहेत. पहिल्या पिढीतली मीटर ज्या वीज कंपनीने बसवली तिच्याशीच, तिच्याच व्यवस्थेतून बोलायची. ग्राहकाने कंपनी बदलली की मीटर मुकं व्हायचं. वीज मोजत राहायचं, पण नव्या कंपनीला सांगता यायचं नाही. स्पर्धा वाढावी म्हणून कंपनी बदलायची मुभा दिली आणि मीटर मात्र जुन्या कंपनीशी एकनिष्ठ! पुढे सर्व कंपन्यांसाठी एकच मध्यवर्ती दळणवळण जाळं उभं केलं, ते नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. दुसऱ्या पिढीची मीटर त्यावर चालतात आणि पहिल्या पिढीतली त्यात मागाहून ओढून घेतली गेली.

हे जाळंही देशभर एका जातीचं नाही. दक्षिण आणि मध्य भागात मीटर मोबाइलच्या नेटवर्कवरून बोलतं. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये डोंगरदऱ्या आणि विरळ वस्ती, म्हणून तिथे लांब पल्ल्याचा वेगळा रेडिओ. दगडी भिंतीच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या फडताळात मीटर असेल तर दोन्हींची पंचाईत. भावाने व्हिडिओ कॉलवर त्याचं फडताळ दाखवलं. व्हॅक्यूम क्लीनर, बुटांचा ढीग, त्यामागे मीटर आणि त्याच्या डोक्यावर बसवलेली वीतभर पांढरी डबी. डबीवर एका ओळीत पाच बारीक दिवे. त्यातल्या ‘वॅन’ लिहिलेल्या दिव्याकडे बघत राहायचं. साधारण पाच सेकंदांनी एकदा लुकलुकला तर मीटरचा बाहेरच्या जगाशी संबंध जुळलेला आहे. त्याचा दिवा मख्ख होता. हजारो पौंडांची गाडी बाहेर उभी आणि सगळं अडलं होतं या मोहरीएवढ्या दिव्यापाशी.

यात एक गंमत अशी की बोलता येत नसलं तरी मीटर विसरत नाही. नियमाप्रमाणे दुसऱ्या पिढीचं मीटर तेरा महिन्यांचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर स्वतःच्या पोटात साठवून ठेवतं. संपर्क तुटला म्हणून नोंद बुडत नाही. जाळं परत लागलं की मागचं सगळं वाचता येतं.

संमतीचं म्हणाल तर ती अट मला रास्त वाटते. अर्ध्या तासाच्या नोंदी नुसती वीज सांगत नाहीत. घरातले कधी उठतात, कधी बाहेर पडतात, गावाला कधी गेले, सगळं त्यात दिसतं. म्हणून कंपनीने महिन्याचा आकडा घ्यावा, रोजचा घ्यावा की अर्ध्या तासाचा, हे ठरवायची सोय घरगुती ग्राहकाला दिलेली आहे. मात्र ‘महिन्याचा’ निवडून कधीच विसरून गेलेल्या माणसाला गाडीचा दर मिळत नाही, आणि का मिळत नाही हे त्याला कुणी धड सांगतही नाही. गोपनीयता हवी, पण एवढं एक वाक्य मराठीत किंवा इंग्रजीत कुठेतरी ठळक छापायला काय हरकत आहे?

आणि घड्याळ! ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी घड्याळं तासभर पुढे जातात. माणसांची जातात, मीटरची जात नाहीत. इकॉनॉमी सेव्हनची बरीच मीटर बाराही महिने ग्रिनिचच्या वेळेवरच चालतात. हिवाळ्यात साडेबाराला सुरू होणारी त्यांची स्वस्त रात्र उन्हाळ्यात भिंतीवरच्या घड्याळात दीडला सुरू होते. गाडीला एक वेळ लावलेली, चार्जरला दुसरी, मीटर तिसरीच धरून बसलेलं, असं झालं की महागाचा तास पदरात पडतो. आपल्या देशात एकच वेळ आणि तीही वर्षभर न हलणारी, याबद्दल मला पहिल्यांदाच कृतज्ञ वाटलं.

तीन घड्याळं जुळली समजा. सगळ्यांचीच जुळली आणि ठीक साडेबाराच्या ठोक्याला एक लाख चार्जर एकदम सुरू झाले तर? लाख गुणिले ७.४ किलोवॅट म्हणजे ७४० मेगावॅट. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातला मोठा संच ५०० मेगावॅटचा आहे. तसे दीड संच एका सेकंदात मागायचे! वीज जाळ्याची ५० हर्ट्झची नाडी अशा धक्क्याने दचकते. म्हणून ३० जून २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना कायद्याने एक सवय लावली आहे. वेळ झाली की लगेच सुरू व्हायचं नाही. शून्य ते दहा मिनिटांमधला एक आकडा मनाने निवडायचा आणि तेवढं थांबायचं. प्रत्येक चार्जरचा आकडा वेगळा, रोजचा वेगळा. शेजारच्या दोन घरांतल्या गाड्या एकाच वेळी लावल्या तरी एक साडेबारा वाजून दोन मिनिटांनी जागी होते, दुसरी नऊ मिनिटांनी. नव्या ग्राहकांना हा बिघाड वाटतो, ते तक्रार करतात. बिघाड नाही, शिस्त आहे.

एवढा खटाटोप करून प्रत्येकाला फायदा होतोच असं नाही. या दरांत दिवसाची वीज बहुधा साध्या दरापेक्षा थोडी महाग असते. आठवड्याला दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीसाठी आणि दिवसभर हीटर लावून घरी बसणाऱ्यासाठी तो तोट्याचा सौदा ठरू शकतो. ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते त्यांना तर घरचा चार्जरच लावता येत नाही.

ब्रिटनची स्वस्त वीज रात्रीची. माणसं झोपलेली आणि समुद्रातल्या पवनचक्क्या फिरतच असतात. आपलं चित्र बरोबर उलटं आहे. आपल्याकडे वीज दुपारी उतू जाते, कारण सूर्य. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला आणि सौर तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा असं घातलं. गर्दीच्या तासांचा दर चढा. महावितरणच्या टीओडी मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर. म्हणजे आपल्याकडेही मीटरला किती वाजले ते कळू लागलं आहे.

पण सकाळी नऊ ते पाच आपली गाडी कुठे असते? पुण्यात हिंजवडीला, मुंबईत बीकेसीत, नाशकात सातपूरला, कामाच्या जागी. घरचा प्लग त्या वेळी मोकळा आणि गाडी परत येते ती नेमकी महाग वेळेला. सोसायटीच्या पार्किंगमधल्या चार्जरवरून भांडणं चालू आहेत ती चालू द्या, तीही महत्त्वाची आहेत. मात्र तुमच्या कार्यालयात, कारखान्यात, कॉलेजात पार्किंग असेल तर तिथे दुपारी चालणारे चार्जर लावायची मागणी आधी करा. आणि घरी चार्ज करणार असाल तर गाडी बुक करण्यापूर्वी मीटरचा प्रकार, मंजूर भार आणि बिलातला वेळेनुसारचा तक्ता, हे तिन्ही बघून घ्या.