टर्मिनल मल्टिप्लेक्सर : दूरस्थ संगणकावरील कार्यसत्रांचे व्यवस्थापन

प्रस्तावना :
संशोधनासाठी वापरले जाणारे मोठे सर्व्हर बहुतांशी लिनक्स प्रणालीवर चालतात. त्यांच्याशी संपर्क एसएसएचद्वारे, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा टंकलिखित करून साधला जातो. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र अशा विविध विषयांच्या अभ्यासकांना आज या पद्धतीचा अवलंब करावा लागतो. या कामी उपयुक्त असूनही काहीसे दुर्लक्षित राहिलेले साधन म्हणजे टर्मिनल मल्टिप्लेक्सर होय. त्याचे स्वरूप, उपयोग व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातील एका संशोधकाने दूरच्या सर्व्हरवर १८ तास चालणारे जनुकक्रमांच्या तुलनेचे काम सुरू केले, असे समजू. पंधराव्या तासाला महाविद्यालयातील वीज जाते व जोडणी तुटते. सर्व्हर सुस्थितीत असतो. तरीही काम थांबते आणि पंधरा तास वाया जातात.

याचे कारण युनिक्सच्या रचनेत आहे. टर्मिनलमधून सुरू केलेली प्रक्रिया त्या टर्मिनलशी बांधलेली असते. टर्मिनल नाहीसे झाले की तिच्याकडे ‘हँगअप’ हा संकेत जातो. हे नाव दूरध्वनीच्या तारेवरून संगणक वापरण्याच्या काळातील आहे. तार तुटली म्हणजे वापरणारा निघून गेला, असा त्याचा अर्थ. वेगळी व्यवस्था केलेली नसल्यास हा संकेत मिळताच प्रक्रिया संपुष्टात येते.

कार्यपद्धती :
मल्टिप्लेक्सर हा वापरकर्ता आणि प्रक्रिया यांच्यामध्ये उभा राहतो. तो सर्व्हरवरच चालतो व तेथे आभासी टर्मिनल निर्माण करतो. प्रक्रिया या आभासी टर्मिनलशी बांधल्या जातात, एसएसएचच्या जोडणीशी नव्हे. त्यामुळे जोडणी तुटली तरी केवळ पाहणारा दूर होतो. काम मागे अखंड चालू राहते.

या प्रकारातील ‘स्क्रीन’ हे साधन ऑलिव्हर लाउमान व कार्स्टन बोरमान यांनी १९८७ मध्ये बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात तयार केले. ‘टीमक्स’ हे निकोलस मॅरियट यांचे साधन २००७ मध्ये आले आणि २००९ मध्ये ओपनबीएसडी प्रणालीच्या मूळ संचात समाविष्ट झाले. दोन्ही साधने विनामूल्य व मुक्त स्रोत आहेत.

प्रत्यक्ष उपयोग :
टीमक्समध्ये प्रत्येक कार्यसत्राला नाव देता येते. एका सत्रात अनेक खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत अनेक कप्पे असू शकतात. कंट्रोल व बी या कळा एकत्र दाबून सोडल्यानंतर पुढची कळ ही टीमक्सला दिलेली आज्ञा ठरते. सी दाबल्यास नवी खिडकी उघडते, टक्क्याच्या चिन्हाने कप्प्याचे डावे-उजवे भाग होतात, तर डी दाबल्यास सत्र चालू ठेवून वापरकर्ता बाहेर पडतो. नंतर घरच्या संगणकावरूनही ‘अटॅच’ या आज्ञेने त्याच सत्रात परतता येते. एका कप्प्यात गणन, दुसऱ्यात त्याची नोंदवही आणि तिसऱ्यात स्मृतीचा वापर, असे सर्व एकाच दृष्टिक्षेपात राहते.

एकाच खात्यातून दोघे जण एकाच सत्रात सहभागी होऊ शकतात. मार्गदर्शक व विद्यार्थी दोन गावी असूनही एकच पडदा पाहतात व चूक जागच्या जागी दुरुस्त होते. हा अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचा लाभ आहे.

मर्यादा :
हे साधन जोडणीच्या बिघाडापासून संरक्षण देते, सर्व्हरच्या बिघाडापासून नव्हे. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यास सत्रे नष्ट होतात. म्हणून दीर्घ गणनाचे मधले निष्कर्ष फाइलमध्ये साठविणे अनिवार्य आहे. महासंगणकावर दीर्घ कामे रांगव्यवस्थेकडेच सोपवावी लागतात. प्रवेशाच्या संगणकावर ती मल्टिप्लेक्सरमध्ये चालविणे इतरांच्या वापरात अडथळा आणते. शिवाय विसरलेली सत्रे स्मृती अडवून ठेवतात, त्यामुळे त्यांचा वेळोवेळी आढावा घ्यावा.

समारोप :
सारांश, टर्मिनल मल्टिप्लेक्सर गणनाचा वेग वाढवीत नाही. तो झालेले काम वाया जाऊ देत नाही. जेथे वीज व इंटरनेट यांची शाश्वती नाही, तेथील संशोधकाला त्याची गरज अधिक आहे. चार-पाच आज्ञांचा हा परिचय संगणक विभागापुरता मर्यादित न ठेवता सर्व विद्याशाखांच्या संशोधक विद्यार्थ्यांना प्रारंभीच करून देणे हितावह ठरेल.